पोलिसांनी कागद उचलले, त्यात वकिलाचे मेल निघाले, आता ते आधी कोण वाचणार?

धाड पडते, पोलीस कॉम्प्युटर, फायली, मोबाईल, पेनड्राइव्ह जे दिसेल ते उचलतात, आणि त्या ढिगात कुठेतरी त्या माणसाने आपल्या वकिलाला लिहिलेले मेलपण असतात. डोकेदुखी सुरू होते ती इथून. ते मेल पोलिसांनी वाचायचे नाहीत हा नियम थोड्याफार फरकाने बहुतेक देशांत आहे, पण कुठला मेल वकिलाचा आणि कुठला साधा हे ठरवायला कोणीतरी तो उघडायलाच लागतो. वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वाचलं की जे झाकायचं होतं ते उघडं पडलंच, डोक्यात गेलेली गोष्ट परत बाहेर काढायचं मशीन अजून निघालेलं नाही. त्यामुळे जप्त कागदांवरच्या प्रिव्हिलेजची, म्हणजे वकिलाशी झालेलं बोलणं गुपित ठेवायच्या हक्काची, सगळी मारामारी बघितली तर कागद गुपित आहे की नाही यावर कमी असते आणि तो पहिल्यांदा कोणी उघडायचा यावर जास्त असते. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे नियम, सीलबंद पिशव्या, वेगळ्या टीमा, निवृत्त जज नेमणं वगैरे कशासाठी चाललंय ते आपोआप समजतं.

आधी प्रिव्हिलेज म्हणजे काय ते पटकन सांगतो. माणूस कायद्याचा सल्ला घ्यायला वकिलाशी खासगीत जे बोलतो लिहितो आणि वकील त्याला जे सांगतो, ते त्या माणसाच्या मर्जीशिवाय बाहेर काढता येत नाही, मग समोर पोलीस असो, ईडी असो की कोर्ट असो. कोर्टात केस चालू असेल किंवा होणारच आहे असं दिसत असेल तर त्या तयारीसाठी केलेले कागदपण बऱ्याच देशांत यात येतात, म्हणजे वकिलाने एखाद्या तज्ज्ञाकडून मागवलेला रिपोर्ट किंवा साक्षीदाराशी बोलून केलेल्या नोट्स. यामागचा विचार साधा आहे, वकिलासमोर माणसाला खरं बोलता आलं पाहिजे, उद्या हेच माझ्यावर उलटेल अशी भीती असेल तर तो वकिलालापण अर्धवटच सांगणार आणि मग वकील देणार तो सल्लाही अर्धवटच.

हे किती कडक पाळतात त्याचं इंग्लंडमधलं एक उदाहरण आहे. १९७८ मध्ये १६ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. एका तरुणाने कबुली दिली, मग खटल्याच्या आधी ती फिरवली आणि म्हणाला की मी तिथे होतो पण मारलं माझ्या सावत्र बापाने. तो निर्दोष सुटला. पुढे १९९२ मध्ये सावत्र बापावर त्याच खुनाचा आरोप आला, तेव्हा बापाच्या वकिलांनी मागणी केली की या पोराने तेव्हा कबुली दिली असताना स्वतःच्या वकिलांना नेमकं काय सांगितलं होतं ते कागद काढा. मॅजिस्ट्रेट हो म्हणाले. प्रकरण चढत चढत हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टात गेलं आणि १९९५ मध्ये तिथे साफ नाही म्हणून सांगितलं. म्हणजे बघा, एका माणसावर खुनाचा आरोप, त्याच्या बचावाला ते कागद कदाचित उपयोगी पडणारे, ज्याचे कागद तो तर केव्हाच सुटून गेलेला, आणि तरीही नाही. मला हा निकाल आजही जरा टोकाचा वाटतो, पण लॉर्ड्सचं म्हणणं असं होतं की प्रत्येक केसमध्ये तराजू घेऊन बसलो तर कुठल्याच अशिलाला वकिलाशी बोलताना खात्री राहणार नाही, आणि या म्हणण्याला सहज उत्तर सापडत नाही.

आता लोकांचा जो सगळ्यात मोठा गैरसमज असतो तो. वकिलाच्या हातात दिला म्हणून कुठलाही कागद प्रिव्हिलेज्ड होत नाही. बँक स्टेटमेंट, बिलं, करारनामा, कंपनीचे हिशेब हे आधीपासून होतेच, ते वकिलाच्या कपाटात ठेवले तरी ते बँक स्टेटमेंट आणि बिलंच राहतात. तसंच धंद्याच्या मेलमध्ये सीसीला वकिलाचं नाव टाकून ठेवायची जी सवय असते ना, त्याने काही होत नाही, वकिलाकडून कायद्याचा सल्ला मागितलाय का ते बघतात. वकील मित्र आहे आणि त्याच्याशी क्रिकेटवर गप्पा मारल्या तर त्या नुसत्या गप्पाच. आणि जे खासगी ठेवलंच नाही, म्हणजे वकिलाचा सल्ला कॉपी करून वीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, त्याच्यावर नंतर हक्क सांगायला गेलं तर फार अवघड जातं.

दुसरं, गुन्हा करण्यासाठी वकिलाचा वापर केला असेल तर संरक्षण मिळतच नाही. हा नियम इंग्लंडच्या १८८४ च्या कॉक्स आणि रेल्टन केसमधून आला, त्यात कोर्टाची वसुली आपल्या मालावर येऊ नये म्हणून काय करता येईल हे विचारायला दोघं वकिलाकडे गेले आणि नंतर खोटे व्यवहार दाखवले. वकिलाला त्यांचा डाव माहीत नव्हता, तरी ते बोलणं पुराव्यात आलं. भारतातही हेच आहे, आधी १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहे, बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी केलेलं बोलणं त्यात संरक्षणाबाहेर ठेवलंय. पण फरक नीट समजून घ्या. झालेल्या गुन्ह्याबद्दल वकिलाशी बोलणं सुरक्षित, होणाऱ्या गुन्ह्यासाठी वकिलाला वापरणं नाही. पोलिसांना हा अपवाद फार आवडतो आणि ते तो जरा ताणतातही, म्हणूनच नुसत्या संशयावर भागत नाही, काहीतरी ठोस दाखवा असं कोर्टं म्हणतात.

आणि तिसरं, ज्याच्यावर पुढचं सगळं उभं आहे, हा हक्क अशिलाचा असतो, वकिलाचा नाही. वकील घाबरून किंवा कंटाळून म्हणाला की जाऊ दे घेऊन जा, तरी अशिलाचा हक्क तेवढ्याने जात नाही. कंपनीच्या बाबतीत हक्क कंपनीचा, मेल लिहिणाऱ्या मॅनेजरचा नाही, त्यामुळे मॅनेजर नोकरी सोडून पोलिसांना मदत करायला लागला तरी कंपनीच्या वतीने तो हक्क सोडू शकत नाही. कॅनडात याच मुद्द्यावर अख्खं कलम पडलं. तिथल्या क्रिमिनल कोडमध्ये वकिलाच्या ऑफिसवर छापा पडला तर काय करायचं याची पद्धत होती, पण ती अशी की वकिलाने ठरलेल्या मुदतीत कोर्टात धाव घेतली नाही तर कागद सरकारी बाजूला मिळायचे आणि बिचाऱ्या अशिलाला आपले कागद गेले याचा पत्तापण नसायचा. २००२ मध्ये लव्हाली केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं आणि नवीन कायदा होईपर्यंत पाळायच्या गोष्टी स्वतःच सांगितल्या, त्यात मुख्य म्हणजे वकील आणि अशील दोघांनाही गाठायचा होईल तेवढा प्रयत्न करा, आणि वकिलाच्या ताब्यातला कागद उघडून बघायच्या आत सील करा.

आता प्रत्यक्ष जागेवर काय होतं, किंवा व्हायला पाहिजे, ते बघू. टेबलावर लॅपटॉप आहे, अधिकारी तो उचलायला हात लावतो, तेवढ्यात तिथे हजर असलेला वकील किंवा ऑफिसमधलं कोणीतरी म्हणतं की यात वकिलाशी झालेला पत्रव्यवहार आहे, त्यावर आमचा प्रिव्हिलेजचा क्लेम आहे. शहाणा अधिकारी इथे वाद घालत नाही आणि दाखवा बरं कुठला मेल म्हणून स्क्रोल करत तर अजिबात बसत नाही. तो वेगळी पिशवी मागवतो, लॅपटॉप आत, तोंड बंद, सीलचा नंबर जप्तीच्या यादीत, सीलवर दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि त्या नंबरापुढे शेरा की क्लेम आहे, आतलं तपासलेलं नाही. इंग्लंडमध्ये सीरियस फ्रॉड ऑफिसवाले, म्हणजे मोठ्या आर्थिक घोटाळ्यांचा तपास करणारं सरकारी खातं, अशा मालासाठी निळ्या पिशव्या वापरतात, म्हणजे गोडाऊनमध्ये शंभर पिशव्यांत ही पिशवी पडली तरी लांबून कळावं की हिला हात लावायचा नाही. बारीक गोष्ट आहे पण कामाची आहे, कारण मुद्दाम कागद वाचणारा अधिकारी विरळाच, चुकून दुसऱ्याच पिशवीबरोबर उघडली गेली असंच जास्त होऊ शकतं.

क्लेम तिथल्या तिथे बोलून दाखवणं आणि लिहून घ्यायला लावणं फार महत्त्वाचं. नंतरही करता येतो, पण तोपर्यंत कोणी काय वाचलं हे शोधत बसायला लागतं. त्यासाठी फार कायदेशीर भाषा लागत नाही, कुठल्या वस्तूत, साधारण कुठल्या वकिलाशी झालेलं बोलणं आहे एवढं सांगितलं तरी पुरतं. मजकूर सांगायचा नसतो, ही चूक लोक घाईत करतात, यात मी वकिलाला त्या पैशांबद्दल विचारलंय म्हणून हात लावू नका असं म्हटलं की झालं, निम्मं गुपित तिथेच फुटलं. भारतात आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, तेव्हा क्लेम तोंडाने स्पष्ट बोलला की तो रेकॉर्डिंगमध्ये यायलाच पाहिजे.

पूर्वी कागद होते तेव्हा निदान तिथेच बसून गठ्ठे वेगळे करता यायचे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस कायद्यात सरळ होतं की प्रिव्हिलेज्ड वाटणारी वस्तू जप्त करायची नाही, आणि १९९९ मध्ये ब्रॅम्ली केसमध्ये कोर्टाने सांगितलं की सगळा ढीग घरी नेऊन सावकाश निवडत बसायचा अधिकार त्या कायद्याने पोलिसांना दिलेलाच नाही. म्हणजे एका हार्डडिस्कमध्ये लाखो फायली आणि त्या काय तिथेच सोफ्यावर बसून निवडायच्या का, हे काही जमण्यासारखं नव्हतं. मग २००१ मध्ये नवीन कायदा आला, त्याने आधी न्या मग निवडा अशी मुभा दिली, पण अटी घातल्या. जागेवर निवडणं खरंच शक्य नसेल तरच, लेखी नोटीस द्यायची, प्रिव्हिलेज्ड निघेल ते लवकरात लवकर परत करायचं, आणि समोरच्याने जजकडे अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत माल सुरक्षित ठेवायचा, बघायचा नाही. माझ्या मते आजच्या काळात याच्यापेक्षा जास्त व्यवहारी तोडगा अवघड आहे, पण सगळा भार त्या निवडणाऱ्यावर येतो.

तर निवडणारा कोण? इथेच देशोदेशी वेगळं आहे आणि इथेच खरी भांडणं आहेत.

आधी मशीन कसं निवडतं ते बघा. डिस्कची हुबेहूब कॉपी काढतात, मूळ डिस्क आणि कॉपी एकच आहे हे दाखवायला हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या डेटावरून गणिताने निघणारा एक ठसा, काढतात, आणि मग कॉपीवर सर्च टर्म चालवतात, वकिलांची नावं, त्यांच्या फर्मचं नाव, मेलचा डोमेन, सल्ला, नोटीस, केस असले शब्द. जिथे जुळलं तो मेल बाजूला, बाकीचा तपास टीमकडे. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात वकिलाचं आडनाव फार कॉमन असेल तर अर्धं ऑफिसच बाजूला पडतं, आणि प्रत्येक मेलखाली हा मेल गोपनीय असून कायदेशीर संरक्षणाखाली आहे वगैरे जो शेपूट आपोआप लागतो त्याच्यामुळे जेवणाच्या ऑर्डरचे मेलसुद्धा बाजूला पडतात. उलट बाजूने, वकिलाला लोक भाऊ, साहेब म्हणून लिहितात, स्पेलिंग चुकवतात, नोटीस फोटो काढून पाठवतात, त्या फोटोतला मजकूर साध्या सर्चला सापडतच नाही, व्हॉइस मेसेज तर सोडूनच द्या. म्हणून शब्दांची यादी एकट्या पोलिसांनी करू नये, ज्याचा क्लेम आहे त्याच्याकडूनही मागवावी. वकिलाला तो काय नावाने हाक मारतो हे त्यालाच माहीत असणार ना.

हे सर्च चालवणारा पोलीस खात्याचाच टेक्निकल माणूस चालेल का? इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये मॅकेन्झी केसमध्ये हाच वाद होता, तक्रार अशी की सीरियस फ्रॉड ऑफिसचेच लोक सर्च चालवणार म्हणजे आतल्या आत कळणार. कोर्ट म्हणालं चालेल, फक्त ती माणसं त्या तपासात नकोत आणि बाजूला पडलेला माल तपास टीमला दिसता कामा नये. बाजूला काढलेलं मग बाहेरचे स्वतंत्र वकील वाचतात आणि खरंच प्रिव्हिलेज्ड आहे का ते सांगतात.

अमेरिकेत याच्याही पुढे जाऊन बराच काळ सरकारी वकिलांचीच वेगळी टीम वाचायचं काम करत आलीय, तिला फिल्टर टीम किंवा टेंट टीम म्हणतात. त्या टीममध्ये तपासाशी संबंध नसलेले सरकारी वकील आणि एजंट असतात, ते वाचून ठरवतात आणि मग स्वच्छ माल पुढे देतात. म्हणजे आरोप ठेवणारं खातं तेच, वाचणारं खातं तेच, मध्ये फक्त एक भिंत, आणि ती भिंत किती जाड आहे हे बाहेरच्याला दिसत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या असं काही मी म्हणणार नाही, ते लोक प्रामाणिक असतीलही, पण ज्याचे मेल आहेत त्याला झोप कशी लागावी? २०१९ मध्ये बाल्टिमोरच्या एका लॉ फर्मच्या केसमध्ये अमेरिकेतल्या चौथ्या सर्किटच्या अपील कोर्टाने हे आकड्यांनिशी उघडं केलं. सरकारला एका वकिलाच्या एका अशिलाबद्दल तपास करायचा होता, नेताना सुमारे ५२,००० मेल नेले, आणि त्यातले त्या अशिलाशी संबंध दाखवणारे किती, तर ११६. बाकीचे सगळे दुसऱ्याच लोकांचे, आणि त्यात काहींवर त्याच सरकारी ऑफिसकडून वेगळे तपास चालू होते. कोर्टाने म्हटलं की काय प्रिव्हिलेज्ड आहे हे ठरवणं न्यायाधीशाचं काम, ते सरकारी टीमला आउटसोर्स करता येणार नाही. माझ्या मते वकिलाच्या ऑफिसवर धाड पडली तर हा ११६ चा हिशेब प्रत्येक जजने डोळ्यासमोर ठेवावा, कारण वकिलाचा कॉम्प्युटर म्हणजे शेकडो अनोळखी लोकांची कपाटं एका जागी असतात, आणि त्यांना कोणी विचारलेलंही नसतं.

त्याच्या एक वर्ष आधीची मायकल कोहेनची केस सगळ्यांनी ऐकली असेल. ९ एप्रिल २०१८ ला एफबीआयने ट्रम्प यांच्या या वकिलाच्या ऑफिसवर, घरावर आणि हॉटेलच्या रूमवर छापा घातला. सरकार म्हणालं आमची फिल्टर टीम बघेल, कोहेन आणि ट्रम्प म्हणाले आम्हीच आधी बघणार. जज किम्बा वुड यांनी मधला रस्ता काढला, निवृत्त फेडरल जज बार्बरा जोन्स यांना स्पेशल मास्टर, म्हणजे कोर्टाच्या वतीने कागद बघणारी तटस्थ व्यक्ती, म्हणून नेमलं. ३५ लाखांहून जास्त फायलींचा तो पसारा होता आणि प्रिव्हिलेज्ड ठरल्या त्या फक्त काही हजार. हा आकडा दोन्ही बाजूंना सांगण्यासारखा आहे. पोलिसांना वाटतं प्रिव्हिलेजमुळे तपास ठप्प होतो, तर नाही होत, बहुतेक माल पुढे जातोच. आणि वकिलांना वाटतं सगळंच प्रिव्हिलेज्ड, तर तेही नसतं. पण स्पेशल मास्टरला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात, आणि प्रत्येक धाडीला निवृत्त जज कुठून आणणार. २०२२ मध्ये ट्रम्प यांच्या मार-अ-लागो या घराच्या झडतीनंतर जज आयलीन कॅनन यांनी रेमंड डिअरी यांना स्पेशल मास्टर नेमलं होतं, ते तर अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने डिसेंबरमध्ये रद्दच केलं, की मुळात त्या जजला या प्रकरणात हात घालायचा अधिकारच नव्हता.

भारतात या विषयावर बरीच वर्षं फार स्पष्टता नव्हती. जून २०२५ मध्ये ईडीने दोन सीनियर वकिलांना समन्स पाठवलं, अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल, गदारोळ झाल्यावर समन्स मागे घेतलं, पण सुप्रीम कोर्टाने विषय स्वतःहून हातात घेतला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला निकाल दिला. अशिलाच्या केसची माहिती काढायला वकिलाला समन्स पाठवायचं नाही, कलम १३२ च्या अपवादात बसत असेल तरच, आणि तेव्हाही किमान एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची कारणांसकट लेखी संमती पाहिजे. आपल्या विषयाला महत्त्वाचा भाग पुढे आहे. वकिलाचा लॅपटॉप, फोन वगैरे मागवला तर तो थेट पोलिसांकडे जात नाही, कोर्टासमोर द्यायचा. कोर्ट त्या अशिलाला नोटीस देणार, हरकती ऐकणार, हरकती फेटाळल्या तरच ते डिव्हाइस उघडणार, तेही वकील आणि अशिलासमोर, त्यांना आपल्या पसंतीचा टेक्निकल माणूस सोबत आणता येईल, आणि त्याच वकिलाच्या दुसऱ्या अशिलांची माहिती फुटणार नाही ही काळजी घ्यायची. म्हणजे पहिल्यांदा कोण उघडणार याचं उत्तर इथे कोर्ट असं आलं. पण त्याच निकालात हेही आहे की वकिलाकडे असलेले अशिलाचे कागद फौजदारी केसमध्ये या कलमाने झाकले जात नाहीत, ते मागवता येतात, फक्त कोर्टासमोर. आणि हे सगळं वकिलाच्या डिव्हाइसबद्दल आहे, अशिलाच्या स्वतःच्या जप्त फोनमध्ये वकिलाशी झालेलं चॅट असेल तर त्यासाठी इतकी तयार पायरी-पायरीची पद्धत यात नाही, तिथे वकिलाने लगेच कोर्टात अर्ज करून मागणं हाच मार्ग राहतो.

माल सील झाला, उघडणारा ठरला, पुढे काय? पुढे कंटाळवाणं पण निर्णायक काम, प्रिव्हिलेजची यादी. प्रत्येक कागदाची एक ओळ. समजा, ओळ ४१, ३ मार्च, मेल, मालकाकडून वकिलाला, एक पानी, विषय नोटिशीला उत्तर देण्याबद्दल सल्ल्याची मागणी, कारण कायदेशीर सल्ला. बास. मजकूर नाही, पण जजला अंदाज येईल एवढं. वाईट यादी कशी असते तर ओळ १ ते ९००, ईमेल, सगळे प्रिव्हिलेज्ड. अशी यादी बघितली की जजचा पारा चढतो आणि त्यातले खरे हकदार असलेले चाळीस मेलपण संशयात येतात. धाडीच्या वेळी मोठा क्लेम केला तर समजून घेतात, कारण तिथे वेळ नसतो, पण नंतर आठवडे मिळूनही तो छाटला नाही तर हेतूवर शंका येते. एकाच मेलमध्ये दोन परिच्छेद धंद्याचे आणि एक वकिलाच्या सल्ल्याचा असेल तर पूर्ण मेल अडवायचा नाही, त्या परिच्छेदावर काळी पट्टी मारून बाकीचा द्यायचा. आणि ती पट्टी खरोखर मारलेली पाहिजे, पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला आणि खालचा मजकूर कॉपी करता आला तर काय उपयोग. मेलला जोडलेली फाईल वेगळी बघतात, मेल प्रिव्हिलेज्ड असला तरी जोडलेलं जुनं बिल नसतं. ज्याच्यावर एकमत होत नाही तेवढेच कागद जजकडे जातात, जज ते बंद खोलीत वाचतो आणि एकेक ठरवतो.

इतकं करूनही एखादा कागद निसटतो. तपास अधिकारी फायली चाळताना तिसऱ्या ओळीवर त्याच्या लक्षात येतं की अरे हे तर वकिलाचं पत्र आहे. तिथेच थांबायचं. शेवटपर्यंत वाचून मग नाही वाचलं म्हणणं याला अर्थ नाही. फाईल बंद, सील, किती वाजता उघडली, किती वाचली, कोणाला सांगितली का हे लिहून वरिष्ठांना आणि समोरच्या बाजूला कळवायचं, आणि फार काही वाचलं गेलं असेल तर त्या माणसाला त्या तपासातून बाजूला करायचं. नाहीतर पुढे खटल्यात बचावाचा वकील प्रत्येक पुराव्यावर विचारत बसणार की हे तुम्हाला त्या पत्रावरूनच कळलं ना, आणि नाही हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

अशिलाच्या बाजूनेही निसटलेला कागद परत मिळेलच असं नाही. ऑस्ट्रेलियात १९८३ मध्ये बेकर विरुद्ध कॅम्पबेल केसमध्ये हायकोर्टाने, जे तिथलं सर्वोच्च कोर्ट आहे, चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने ठरवलं की पोलिसांच्या सर्च वॉरंटपुढेही प्रिव्हिलेज टिकतं. पण त्याच कोर्टाने २०१९ मध्ये ग्लेनकोर कंपनीला सांगितलं की ही ढाल आहे, तलवार नाही. पॅराडाइज पेपर्स या मोठ्या कागदफुटीतून कंपनीच्या वकिलांचे कागद फुटून टॅक्स खात्याच्या हातात पडले होते, कंपनीने मागितलं की ते परत करायला आणि वापरू नका असं सांगायला लावा, कोर्ट म्हणालं कागद द्यायला नकार देता येतो, पण एकदा त्यांच्याकडे पोचले की प्रिव्हिलेजच्या जोरावर परत ओढता येत नाहीत. भारतात तर १९७३ च्या पूरन मल निकालापासून कायदा असा आहे की झडती बेकायदा असली तरी पुरावा संबंधित असेल तर सहसा तेवढ्या कारणाने फेकला जात नाही. म्हणून नंतर बघू म्हणण्यात धोका आहे.

कंपन्यांसाठी अजून एक गोष्ट, पगारी वकील. कंपनीतल्या लीगल डिपार्टमेंटशी झालेला मेल बाहेरच्या वकिलाइतका सुरक्षित असेल असं धरून चालू नका. युरोपियन कोर्टाने २०१० मध्ये अ‍ॅक्झो नोबेल केसमध्ये सांगितलं की युरोपियन कमिशनच्या कॉम्पिटिशन तपासात, म्हणजे कंपन्यांच्या संगनमताच्या आणि मक्तेदारीच्या तपासात, कंपनीच्या नोकरीतल्या वकिलाशी झालेलं बोलणं झाकलं जात नाही. भारतात त्या २०२५ च्या निकालातही तेच, नोकरीतल्या वकिलाला कलम १३२ लागू नाही, कलम १३४ खाली थोडंफार संरक्षण. इंग्लंडमध्ये मात्र नोकरीतल्या वकिलाचा सल्लाही साधारणपणे प्रिव्हिलेज्ड धरतात. आणि बाहेरची महागडी फर्म लावली म्हणून निश्चिंत राहता येतं असंही नाही, फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात जर्मन सरकारी वकिलांच्या ऑफिसने मार्च २०१७ मध्ये कंपनीने नेमलेल्या जोन्स डे फर्मच्या म्युनिक ऑफिसातूनच अंतर्गत चौकशीचे कागद जप्त केले आणि २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने ते तपासायला हरकत घेतली नाही. त्यामुळे एकाच कंपनीचा एकच मेल लंडनच्या सर्व्हरवर सापडला तर एक उत्तर आणि म्युनिकच्या कपाटात सापडला तर दुसरं, असंही होऊ शकतं.

निकाल लागला की माल दोन वाटांनी जातो. प्रिव्हिलेज नसलेलं तपास टीमकडे, प्रिव्हिलेज्ड ठरलेलं मालकाकडे परत. कागद असेल तर तो दिला की संपलं, पण डिजिटलमध्ये परत देणं म्हणजे काय, कॉपी तर सर्व्हरवर आहेच, बॅकअपमध्ये आहे, सर्च चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इंडेक्समध्येही त्यातले शब्द आहेत. कधी कधी एक फाईल डिस्कच्या इमेजमधून, म्हणजे त्या हुबेहूब कॉपीतून, वेगळी काढून पुसताच येत नाही कारण मग पूर्ण इमेजचा हॅश बदलतो आणि बाकीच्या पुराव्यावर बोट ठेवायला जागा मिळते. इंग्लंडच्या २००१ च्या कायद्यात अशा न सुटणाऱ्या गुंत्यासाठी सोय आहे, ठेवा पण त्या भागाला हात लावू नका, बघू नका, कॉपी करू नका. तेव्हा अर्जदाराच्या वकिलाने ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहून मागावं की कुठल्या कॉपीतून काढलं, कुठल्या कॉपीत लॉक करून ठेवलं, ते लॉक कोणाच्या लॉगिनने उघडतं, आणि केस संपल्यावर ती इमेज कधी नष्ट करणार.